गुण विद्यार्थ्यांनाच नसतात

परीक्षा काही एकट्या विद्यार्थ्यांचीच होत नाही. प्राध्यापकांच्या संशोधनालाही गुण असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली त्यांचा तक्ताच घालून दिला. पुस्तक आंतरराष्ट्रीय प्रकाशकाचे असेल तर ५० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाचे असेल तर २५ आणि स्थानिक प्रकाशकाचे असेल तर १५. बढतीच्या वेळी याची बेरीज होई. २०१८ साली नियम बदलले, फरक १२ आणि १० इतका कमी झाला. पण प्रकाशक कुठला, हा प्रश्न राहिलाच. हे गुण आतल्या मजकुराला की मुखपृष्ठामागच्या पत्त्याला?

आमच्या डहाणू-तलासरीवर संशोधन काही थोडे झालेले नाही. वारली चित्रे, १९४५ चा उठाव, लग्नात गाणारी धवलेरी, सारे अभ्यासाचे विषय झाले. पण त्यातले किती लिखाण पाड्यावर परत आले? कॉलेजची पायरी चढणारी मी घरातली पहिलीच. माझ्या आईला वाचता येत नाही. पण वाचून दाखवले तर समजते, आणि लिहिणाऱ्याचे कुठे चुकले तेही ती सांगते. असा परीक्षक कोणत्या तक्त्यात आहे?

गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली मराठीत निघाले. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते बढतीसाठी लिहिलेले नव्हते. २०१० च्या तक्त्यात अशा मराठी पुस्तकाला परदेशी पुस्तकाच्या फार तर निम्मे गुण पडले असते!

कोणी म्हणेल, मोजमाप नसेल तर वशिला चालेल. खरे आहे. मोजमाप हवेच. परंतु ज्या प्राध्यापकाला मनापासून आपल्या माणसांसाठी मराठीत लिहावेसे वाटते, त्याला तेच लिहून मागे पडावे लागत असेल, तर दोष त्याचा नव्हे, मापाचा आहे. आणि नुकसान आम्हां विद्यार्थ्यांचे आहे.

आयोगाने २०१९ साली केलेली मान्य नियतकालिकांची यादी २०२५ साली मागे घेतली. चांगले नियतकालिक कोणते, हे आता संस्थांनी आणि प्राध्यापकांनीच ठरवायचे आहे. तेव्हा ठरवताना एक प्रश्न वाढवावा, एवढीच विनंती: ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना ते त्यांच्या भाषेत ऐकवले काय? या प्रश्नालाही गुण असावेत. कमी नव्हे, चांगले भरपूर असावेत.