फाटलेलं जुनं कॉमिक विकायचंय? आधी चिकटपट्टी खाली ठेवा!

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका जुन्या घराच्या भिंतीत ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक सापडला. १९३८ च्या याच अंकातून सुपरमॅन पहिल्यांदा वाचकांसमोर आला होता. घरातल्याच ओढाताणीत अंकाचं मागचं कव्हर फाटलं. ग्रेड मिळाली फक्त १.५. तरीही तो लिलावात १ लाख ७५ हजार डॉलर्सना विकला गेला.

म्हणजे फाटक्या कॉमिकलाही गिऱ्हाईक असतं. मग किंमत नेमकी कुठे पडते? बऱ्याचदा घरगुती दुरुस्तीत.

‘सीजीसी’ ही अमेरिकी कंपनी कॉमिक्सना ०.५ ते १० अशी ग्रेड देते. चिकटपट्टी हा दोष धरला जातो, त्यामुळे ग्रेड घसरते. पण उडालेल्या रंगावर पेन फिरवलं किंवा कडा कापून सरळ केल्या, तर अंकाला निळ्याऐवजी जांभळं लेबल लागतं. त्याचा अर्थ, अंकाचं मूळ रूप बदललंय. अंक दिसायला चांगला असला, तरी त्याच ग्रेडच्या निळ्या लेबलवाल्या अंकापेक्षा तो सहसा बराच स्वस्त जातो.

मग विकायचा कसा?

• जुनी चिकटपट्टी ओढून काढू नका, कागदही सोबत निघतो.
• दुरुस्तीचे जवळून फोटो द्या.
• काय केलंय ते स्पष्ट लिहा. लपवलेला रंग तपासणीत उघडा पडतो आणि विक्रेत्यावरचा विश्वास जातो.

माळ्यावर इंद्रजाल कॉमिक्समधला जुना वेताळ सापडला, तरी हेच लक्षात ठेवा. फाटलंय? तसंच राहू द्या.