लाल खूण दिसली. घरी कोण गेलं?

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. त्याची उंची खुंटण्याच्या खुणा मात्र पाळणा बांधण्याआधीच आईच्या अंगावर दिसू लागतात. उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी, हिमोग्लोबिन ११ च्या खाली, वय कोवळं, आधीचं मूल अजून अंगावर पिणारं आणि महिने सरले तरी न हललेला वजनकाटा. एवढं भरलं की जोखमीचा लाल रंग दाखवणारं ॲप बनवणं अवघड नाही. इंडोनेशियातलं ‘एल्सिमिल’ तर लग्न ठरलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन आणि दंडघेरही विचारतं. आपल्याकडे २०२१ पासून अंगणवाडी सेविकांच्या हाती ‘पोषण ट्रॅकर’ आहे.

मला ॲपचं वावडं नाही. पण या यादीत दोन जातीच्या गोष्टी आहेत. आईची उंची आता बदलणार नाही. तिच्या लहानपणी तिच्या ताटात काय पडलं, त्याचा तो जुना हिशेब आहे. हिमोग्लोबिन, आहार, वजन हे मात्र येत्या काही महिन्यांत सुधारू शकतं. पहिलीची नोंद घेऊन बाळंतपणाची तयारी ठेवायची, दुसरीसाठी आजच हालचाल करायची. दोन्हींना एकच लाल रंग दिला, तर सेविकेने नेमकं करायचं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी होती. याच राज्यात दोन वर्षांखालच्या मुलांमधलं प्रमाण २००५-०६ मधल्या ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचं राज्याच्या पोषण पाहणीत दिसलं होतं. तेव्हा सेविकेच्या हाती वही होती. राज्याच्या राजमाता जिजाऊ पोषण मिशनने भर दिला तो रिक्त जागा भरण्यावर आणि गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर.

आज ताईंचा वेळ कुठे जातो? शिधा देताना ट्रॅकरवर लाभार्थीचा चेहरा जुळवण्यात आणि रेंज शोधण्यात. त्या वेळात एखाद्या गर्भवतीच्या घरी बसून, लोहगोळ्या मळमळतात म्हणून फडताळात तर पडल्या नाहीत ना, हे विचारता आलं असतं. घरात सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तिच्या वाट्याला काय उरतं, तेही कळलं असतं.

म्हणून ॲपमध्ये आणखी एकच रकाना हवा: लाल खूण दिसल्यावर त्या घरी कोण गेलं, कोणत्या तारखेला? तो सेविकेने नव्हे, तिच्या वरच्या अधिकाऱ्याने भरायचा.