यादी न करता मोजावं कसं?

मंडळी, आज थोडं गणित. काका, मावशी, पान लगेच बंद करू नका. पाढे येत असतील तर पुढचं सगळं समजेल.

माझा भाचा बीडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकतो. मुलाखतींच्या तयारीसाठी क्लासमध्ये प्रोग्रॅम पाठ करून घेतात. त्यातला एक प्रश्न असा: दिलेल्या शब्दातली काही अक्षरं गाळायची, उरलेल्यांचा क्रम बदलायचा नाही, तर वेगवेगळे किती तुकडे निघतील? या तुकड्यांना सबसिक्वेन्स म्हणतात. भाच्याला कोड तोंडपाठ होता. "यात ही वजाबाकी कशासाठी?" असं विचारलं, तर म्हणाला, "मामा, ते तसंच असतं."

माझ्या मते 'ते तसंच असतं' म्हटलं की शिकणं तिथंच थांबतं. आणि हा प्रश्न तर वहीवर सुटतो.

'नमन' हा शब्द घ्या. प्रत्येक अक्षर एक तर ठेवायचं, नाही तर गाळायचं. म्हणजे 2 × 2 × 2 = 8. सगळीच गाळली तर काही उरत नाही, तो प्रकार सोडला की 7. आता यादी करा: न, म, नम, नन, मन, नमन. सहाच! कारण नुसता 'न' दोनदा मोजला गेला, एकदा पहिला आणि एकदा शेवटचा.

म्हणून नियम असा: नवं अक्षर आलं की आधीची संख्या दुप्पट करायची. तेच अक्षर पूर्वी येऊन गेलं असेल, तर ते मागच्या वेळी येण्याआधी जी संख्या होती ती वजा करायची. रिकामा तुकडा धरून 1, 2, 4, मग 8 − 1 = 7. रिकामा काढला की 6. झाली वजाबाकीची उकल!

तीन अक्षरांची यादी जमते हो. पण तीस वेगवेगळी अक्षरं असतील तर तुकडे 107 कोटींच्या वर जातात. नियमाला मात्र तीसच पायऱ्या.

हा विचार आपल्याला परकाही नाही. भास्कराचार्यांचं विज्जडविड म्हणजे बीड, असं काही जण मानतात. काही जण पाटण म्हणतात, काही विजापूर. तो वाद राहू द्या. 1150 च्या 'लीलावती'त त्यांनी सहा रसांची मिश्रणं मोजली आहेत: 6, 15, 20, 15, 6, 1, एकूण 63. सहा वेगवेगळ्या अक्षरांच्या शब्दातून तुकडेही तेवढेच निघतात. 4, 8, 5, 5, 5 या अंकांच्या संख्या किती, हेही तिथं आहे. तीन पाच सारखेच, म्हणून 120 ला 6 ने भागून 20. तिथं भागाकार, इथं वजाबाकी. हेतू एकच, तीच गोष्ट दोनदा मोजायची नाही.

आता खरी गंमत. 'बीड' ही आपल्या लेखी दोन अक्षरं. कॉम्प्युटर मात्र तीन चिन्हं साठवतो: ब, दीर्घ वेलांटी, ड. पाठ केलेला कोड 3 ऐवजी 7 तुकडे सांगतो, आणि त्यात एक तुकडा म्हणजे नुसती अधांतरी वेलांटी! कारण माहीत असलेला मुलगा हे दुरुस्त करेल. पाठांतरवाला काय करणार?

तेव्हा घरात असं कुणी शिकत असेल, तर आधी वही द्या हातात. आणि 'सरस'चे किती होतात, ते कॉमेंटमध्ये कळवा. यादी न करता बरं का!