विश्लेषण : शाळेत न जाणाऱ्या मुलांना मराठी व्याकरण शिकवायचे कसे?

‘होमस्कूलिंग’ करणारे पालक गणित-विज्ञानाची सोय ॲप, व्हिडीओ, शिकवणी यातून लावतात. मराठीचा विषय मात्र ‘घरी बोलतोच की’ एवढ्यावर संपतो. बोलणाऱ्या मुलाला व्याकरण येते, हे खरेच आहे. ‘घोडा’ला ‘ला’ लागला की ‘घोड्याला’ होते, हे चार वर्षांच्या मुलाला कोणी शिकवलेले नसते. अडचण सुरू होते ती लिहायला बसल्यावर.

मराठी सक्तीची आहे ना?

आहे, पण शाळांना. राज्याचा २०२० चा कायदा पहिली ते दहावीच्या सर्व शाळांना मराठी शिकवणे बंधनकारक करतो. जे मूल शाळेतच नाही, ते त्याच्या कक्षेत येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. तसे न केल्यास शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकवण्याचा उल्लेखही नाही. परिणामी, अशा मुलाचे लिखित मराठी कुठवर आले, हे विचारणारे कोणी नसते.

मग परीक्षेला काय होते?

राज्य मंडळाची दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या देता येते. तिथे मराठी प्रथम भाषा घेतली, तर ८० गुणांच्या लेखी परीक्षेत १६ गुण भाषाभ्यासाचे असतात. त्यात समास, वाक्प्रचार, लेखननियम, विरामचिन्हे येतात. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे पाच विषयांत किमान एक भाषा लागते आणि ती इंग्रजीही चालते. म्हणजे मराठीत एकही निबंध न लिहिता मूल दहावी होऊ शकते. घरात अस्खलित मराठी बोलणारे मूल लिहिण्यापुरते इंग्रजीचेच होऊन जाण्याची वाट इथूनच सुरू होते.

मुले नेमकी कुठे अडखळतात?

सामान्यरूपात. बोलताना ते आपोआप होते, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ बदलते आणि ते कानाला नीट कळत नाही. ‘विहीर’ दीर्घ, पण ‘विहिरीत’ ऱ्हस्व. तसेच फूल-फुलाला, मूल-मुलाला, वकील-वकिलाला. नियम समजला असे वाटते तोवर ‘शरीर’ येते आणि ‘शरीरात’ दीर्घच राहते, कारण तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. इंग्रजी वाचनाची सवय असलेली मुले ‘टेबल वर’ असे तोडून लिहितात. ‘टेबलावर’ हा एकच शब्द आहे, हे त्यांना दाखवावे लागते.

पुस्तक आणून सुरुवात केली तर?

बाजारातली बरीच व्याकरणाची पुस्तके स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. प्रयोगांचे प्रकार पाठ करून नऊ वर्षांच्या मुलाचे लेखन सुधारत नाही. अमेरिकेतील २००७ च्या ‘रायटिंग नेक्स्ट’ अहवालाने चौथी ते बारावीच्या लेखनावरील प्रयोग एकत्र तपासले. व्याकरणाचे वेगळे पाठ देऊन लेखन सुधारल्याचे त्यात दिसले नाही, उलट परिणाम किंचित उणेच निघाला. छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याचा सराव मात्र उपयोगी ठरला.

मराठीत हा सराव अधिकच फळतो. ‘आजी अंगणात बसली होती. ती शेंगा सोलत होती. मांजर तिच्याजवळ आले.’ ही तीन वाक्ये एकत्र करायला सांगा. ‘अंगणात शेंगा सोलत बसलेल्या आजीजवळ मांजर आले.’ ‘बसली’चे ‘बसलेल्या’ का झाले, ‘जवळ’ आजीला का चिकटले, हे मूल स्वतःच विचारते. नाव सांगायची वेळ ती.

अर्थात ही तपासणी इंग्रजी लेखनाची होती. मराठीत शुद्धलेखनच व्याकरणावर उभे असल्याने संज्ञा पूर्ण टाळता येत नाहीत. नाम, लिंग, सामान्यरूप, तत्सम शब्द एवढे तरी लागतेच.

घरची बोली वेगळी असेल तर?

वऱ्हाडातले ‘मले’ किंवा मालवणीतले ‘माका’ ही चूक नव्हे. त्यांनाही व्याकरण आहे. ‘घरी असे बोलतो, पेपरात असे लिहितो’ एवढे सांगितले की पुरते. बोली चुकीची ठरवली, तर मूल लिहायलाच कचरते.

साहित्याची अडचण फारशी नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियमही जेमतेम १८ आहेत : १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पालकांना ‘विहीर-विहिरीत’ स्वतःलाच नव्याने शिकावे लागेल, आणि ते १७ नंबरचा फॉर्म भरण्याच्या वर्षी सुरू केले तर उशीर झालेला असेल.