रविवारचा फोन कोणाच्या घड्याळावर?

नोव्हेंबरचा पहिला रविवार होता. आमच्या गल्लीतल्या मावशींचा मुलगा टेक्सासात नोकरीला आहे आणि दर रविवारी रात्री आठला त्याचा व्हिडिओ कॉल येतो. मावशी साडेसातलाच तयार असतात. फोन चार्जिंगवरून काढतात, काच पदराने पुसतात आणि ओसरीच्या त्या एका कोपऱ्यात पाट टाकून बसतात, कारण घरात रेंज येत नाही, तिथे येते. त्या दिवशी आठ वाजून गेले, साडेआठ झाले. जेवणाआधीची साखरेची गोळी घेऊन झाली होती, पण त्या पानावर बसेनात. "लेकराला बरं नसंल का हो?" एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. पावणेनऊला त्यांचे हात थरथरायला लागले. आम्ही बळेच अर्धी भाकरी खायला लावली.

बरोबर नऊला फोन वाजला. मुलगा नेहमीसारखा हसतमुख. त्याच्या हिशेबाने तो वेळेवरच होता, कारण तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते, दर रविवारी वाजतात तसेच. त्या पहाटे अमेरिकेने आपली घड्याळं एक तास मागे घेतली होती. आईकडचा आठचा फोन त्यामुळे नऊवर गेला आणि ही गोष्ट कोणी कोणाला सांगितलीच नव्हती.

चूक कोणाचीच नव्हती. तरी तो तास मावशींनी कसा काढला ते मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहितोय. आज बीड जिल्ह्यात अंबाजोगाई असो, गेवराई असो, आष्टी असो, कोणाचा मुलगा अमेरिकेत, कोणाची सून जर्मनीत, कोणाचा भाऊ दुबईत किंवा रियाधला. फोन आता फुकटात लागतो. अडतं ते वेळेवर.

परदेशी असलेल्या लेकरांना पहिली विनंती. घरच्या फोनची वेळ आई-वडिलांच्या घड्याळावर बांधा, तुमच्या नाही. भारताचं घड्याळ वर्षभर हलत नाही. हलतं ते तुमचं. न हलणाऱ्या खुंटीला दावं बांधावं, हे आपल्याकडे कोणालाही शिकवावं लागत नाही. "आई, तुझ्या रात्री आठला" असं एकदा ठरलं की ते बाराही महिने आठच राहू द्या. टेक्सासात असाल तर उन्हाळ्यात तुमचे साडेनऊ वाजलेले असतील, हिवाळ्यात साडेआठ. तो एक तास तुम्ही लवकर उठा. तुमच्या हातात सगळा हिशेब करणारा फोन आहे. तिच्या हातातही फोन आहे, पण तिच्या दृष्टीने तो वाजतो किंवा वाजत नाही, एवढंच. डेअरीला दूध घालायची वेळ, गोळीची वेळ, दिवेलागण, यांच्या मधेच तिला तुमच्यासाठी जागा करायची असते.

आता आपल्या वेळेतल्या त्या अर्ध्या तासाबद्दल. जगातले बहुतेक देश ग्रिनिचपासून पूर्ण तासांच्या अंतराने घड्याळ लावतात. आपण साडेपाच तास पुढे आहोत. १५ रेखांशांना एक तास, असा हिशेब आहे. आपल्या प्रमाणवेळेसाठी उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणारं साडेब्याऐंशी अंशांचं रेखावृत्त धरलं, म्हणून साडेपाच. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबई मात्र तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सांभाळून होती. बीड मिर्झापूरच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी साडेबाराच्या आसपास झालेले असतात. शेतात राबणाऱ्या माणसाला हे घड्याळ न बघताही कळतं.

परदेशातल्या माणसांना हा अर्धा तास अवघड जातो. आपल्याला जायला नको. मराठीत त्याच्यासाठी घडवलेले शब्दच आहेत. दुबई आणि मस्कत आपल्यामागे दीड तास. सौदी, कतार, कुवेत अडीच तास. सिंगापूर अडीच तास पुढे, जपान साडेतीन तास पुढे. दीड, अडीच, साडे हे शब्द लहानपणापासून आपल्या तोंडात आहेत, तेव्हा फोनवर बोलताना ते गिळू नका. "पाचेक तासांचा फरक आहे" असं मोघम म्हटलं की अर्धा तास गळतो आणि कोणीतरी तेवढा वेळ ताटकळतं.

आखाती देशांचं घड्याळ वर्षभर सारखंच राहतं, तिथे एकदा पाठ केलं की काम झालं. तिथे वेगळीच गोष्ट लक्षात ठेवायची, ती सुट्टीची. सौदीत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते, रविवारी माणूस कामावर असतो. अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. सौदीतल्या भावाला रविवारी दुपारी फोन करून "उचलत नाही" म्हणून रुसू नका. घरचं कोणी हजला किंवा उमऱ्याला गेलं असेल तर आणखी एक. मक्केत मगरिबची नमाज आपल्या घड्याळात ऋतूप्रमाणे रात्री आठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते. नेमकी तीच आपल्याकडे जेवणं आटोपून फोन लावायची वेळ. तेव्हा कोणी उचलला नाही तर घाबरून दहा वेळा लावू नका. साडेदहाला लावा, तिथे आठ वाजलेले असतात.

खरी गोची अमेरिका, इंग्लंड, युरोप आणि ऑस्ट्रेलियाची. हे देश, किंवा त्यांचे बरेच भाग, वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी तास पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. इंग्लंड आणि जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. मेलबर्न-सिडनीला उलटं, कारण तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात असतो: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. अमेरिकेतलं बहुतेक ॲरिझोना आणि ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड घड्याळाला हातच लावत नाहीत, तेव्हा मुलगा नेमका कुठे राहतो हे माहीत असू द्या.

तारखा ध्यानात राहत नसतील तर आपल्या जिल्ह्याचंच वर्ष आठवा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा युरोप-अमेरिकेची घड्याळं मागे जातात. होळीच्या आसपास अमेरिकेचं पुढे येतं, पाडव्याच्या आसपास इंग्लंड-जर्मनीचं, आणि टोळ्याही परतायला लागलेल्या असतात. सण तिथीवर येतात, म्हणून नेमका दिवस कॅलेंडरात बघावाच लागेल. पण कॅलेंडर कधी उघडायचं, ते एवढ्यावरून कळतं.

न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. टेक्सास साडेदहा आणि साडेअकरा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. जर्मनी साडेतीन आणि साडेचार. लंडन साडेचार आणि साडेपाच. लंडनसाठी एक जुनी युक्ती आहे, ती मी पोरांना नेहमी दाखवतो. काट्याचं मनगटी घड्याळ उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. आपल्याकडे सकाळचे दहा वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेचार दिसतील. हिवाळ्यातल्या लंडनची तीच वेळ, पहाटेचे साडेचार. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा. साडेपाच तासांचा फरक आणि अर्धा फेरा फिरवलेलं घड्याळ यांचा मेळ बसतो, म्हणून हे जमतं.

तासांपेक्षाही जास्त घोटाळा वाराचा होतो. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळात मध्यरात्री. आपण सहज म्हणतो, "शनिवारी रात्री दीड वाजता". फोनच्या लेखी तो रविवार झालेला असतो. अमेरिकेशी बोलताना तर अख्खा दिवस सरकतो: आपल्या रविवारी सकाळी साडेसातला न्यूयॉर्कमध्ये शनिवारची रात्र असते, नऊ किंवा दहाची. त्यात आपला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. म्हणून निरोप देताना वार, तारीख आणि दोन्हीकडची वेळ, तिन्ही सांगा. "रविवार १२ तारीख, तुमच्याकडे सकाळी साडेसात, माझ्याकडे शनिवार ११, रात्रीचे दहा." लांबलचक वाटतं खरं, पण असा निरोप चुकलेला मी अजून पाहिलेला नाही. आणि रात्री बाराची वेळ कधीच ठरवू नका. कोणत्या दिवसाचे बारा, यावर दोघांचं एकमत होत नाही. पावणेबारा ठरवा किंवा सव्वाबारा.

घरच्या फोनची खुंटी आईच्या घरात. मुलाखत, परीक्षा, व्हिसाची भेट किंवा परदेशी कंपनीचं काम असेल तर मात्र खुंटी त्यांच्या घरात असते आणि हिशेब आपल्याला करावा लागतो. हे मी एका लेकीच्या नुकसानीतून शिकलो. केज तालुक्यातली ती हुशार मुलगी, जर्मनीतल्या एका विद्यापीठाची ऑनलाइन मुलाखत तिला आली होती, मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी, तिकडच्या सकाळी दहाला. आठ दिवस आधी ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. मी फोनमधलं जगाचं घड्याळ उघडलं, साडेचार तासांचा फरक दिसला आणि मी सांगितलं, दुपारी अडीच. आदल्याच रविवारी जर्मनीचं घड्याळ पुढे गेलं. मुलाखत दीडला होऊन गेली. सव्वादोनला नवा ड्रेस घालून, दार लावून, लॅपटॉपसमोर बसलेल्या त्या पोरीला पडद्यावर कोणीच दिसलं नाही. तिने मेल केली, माफी मागितली. दुसरी वेळ मिळाली नाही. तिने मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला अजून टोचतं.

तेव्हा कळलं ते असं. फोनमधलं जगाचं घड्याळ आजचा फरक दाखवतं, पुढच्या सोमवारचा नाही. पुढची वेळ बघायची तर फोनच्या कॅलेंडरमध्ये जा, त्या तारखेला नोंद करा आणि नोंदीत वेळेचा प्रदेश त्यांचा निवडा: बर्लिन, लंडन, न्यूयॉर्क, जे असेल ते. मग त्या दिवशी भारतात किती वाजलेले असतील ते फोन स्वतः काढतो, घड्याळ सरकलं असलं तरी. प्रदेशांच्या यादीत मुंबई सापडली नाही तर गोंधळू नका, भारताची वेळ तिथे कोलकाता या नावाने असते. पत्रात नुसतं 'आयएसटी' लिहिलं असेल तर विचारून घ्या. आयर्लंड आणि इस्रायलचे लोकही आपापल्या वेळेला तीच तीन अक्षरं लावतात. आणि परत मेल पाठवून एका ओळीत खात्री करा: म्हणजे माझ्याकडे सोमवारी दुपारी दीड, बरोबर ना? असं विचारण्यात कमीपणा नाही. समोरच्यालाही ते बरंच वाटतं.

मुलाखत किंवा कामाचा कॉल असेल तर तासभर आधी तयार राहा, लाईटचं बघून ठेवा. खेड्यात लाईट गेली की पाठोपाठ टॉवरही बसतो, हे परदेशातल्या माणसाला ठाऊक नसतं. त्याला आधीच कळवा आणि साधा फोन नंबर देऊन ठेवा.

आणि शेजारच्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी एक काम. ज्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत आणि लेकरं बाहेरदेशी, तिथे जाऊन दहा मिनिटं बसा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तिकडचं घड्याळ सरकतं त्या दोन रविवारांना पेनाने गोल करा. बाजूला मोठ्या अक्षरात लिहा: "आज तिकडचं घड्याळ सरकलं. फोन तासभर मागेपुढे होऊ शकतो. काळजी नाही." वाचता येत नसेल तर आदल्या दिवशी जाऊन तोंडी सांगा.

मावशींच्या कॅलेंडरवर आता तसे दोन गोल आहेत. मुलाला मी फोन केला, तर तोच म्हणाला, "काका, माझ्या लक्षातच नाही आलं." पुढच्या रविवारी आठला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. तिकडे साडेआठ व्हायचे होते, त्याचे केस विसकटलेले होते आणि चहा अजून गॅसवरच होता. मावशींनी आधी विचारलं, "झोप झाली का रं?" आणि मग स्वतःचं ताट वाढून घेतलं, फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि त्याच्याशी बोलत बोलत जेवल्या.