सोन्याचे पहिले घड्याळ

लग्नाला पंचवीस वर्षे झाली म्हणून आम्ही आयुष्यातले पहिले सोन्याचे घड्याळ घेतले. 18 कॅरेटचे, म्हणजे चार भागांत तीन भाग सोने. पातळ, काळ्या चामडी पट्ट्याचे. "दागिना नव्हे, घड्याळच आहे," अशी मनाची समजूत घातली.

ही सबब जुनीच. 16व्या शतकात कॅल्विनच्या जिनिव्हात दागिन्यांवर निर्बंध आले, तेव्हा तिथले सोनार घड्याळांकडे वळले. सोने गेले नाही. उपयोगाच्या वस्तूत शिरले.

रविवारी चर्चच्या दारात उभे राहून लोकांना जागा दाखवणे ही आमची सेवा. त्या दिवशी बाही उगाचच वर सरकवत होतो. मळक्या कपड्यांतले एक आजोबा आले आणि आमचा हात आपोआप शेवटच्या बाकाकडे गेला. त्याच मनगटावर घड्याळ चमकत होते. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आठवला आणि आम्ही शरमलो.

घड्याळ विकून टाकावे, असे आमचे मत नाही. देवाने दिलेले कृतज्ञतेने वापरावे. पण हातातले सोने कुणाला मागे बसवू लागले, तर दारात उभे राहण्यापूर्वी ते काढून खिशात ठेवावे. आम्ही आता तेच करतो. प्रभू आम्हांला नम्र ठेवो. आमेन.