पंचनामा कोण वाचतो?

मोठ्या खटल्याचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यात दोनच प्रतिक्रिया उमटतात. आपला माणूस सुटला तर इन्साफ झाला, अडकला तर जुल्म झाला. मोहल्ल्याबाहेरही हेच चालतं, नावं तेवढी बदलतात. मला हल्ली निकालापेक्षा पंचनाम्यात जास्त रस वाटतो. घटनेनंतर पहिल्या काही तासांत तिथे कोण पोचलं, काय उचललं, कशात ठेवलं, सील कोणी लावलं, यावर पुढची दहा-बारा वर्षं टांगलेली असतात.

20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. पुरावा मागणं हेच ज्या माणसाचं आयुष्यभराचं काम होतं, त्याच्या खुनात पुराव्याचे काय हाल झाले ते पाहा. जानेवारी 2014 मध्ये शस्त्रांच्या बेकायदा धंद्यातल्या दोघांना अटक झाली. त्यांच्याकडच्या पिस्तुलाशी पुंगळ्या जुळतात, असं सांगितलं गेलं. पण मुदतीत आरोपपत्र आलं नाही आणि ते जामिनावर सुटले. मे 2014 मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. पुढे प्रयोगशाळांच्या अहवालांचाच एकमेकांशी मेळ बसेना, म्हणून स्कॉटलंड यार्डचं मत घ्यायचं ठरलं. तेही जमलं नाही. मग ठाण्याच्या बाजूला खाडीत पिस्तूल शोधायला पाणबुडे आणि परदेशी यंत्रं आली. 2020 साली, म्हणजे खुनानंतर साडेसहा वर्षांनी, गाळातून एक पिस्तूल निघालं.

10 मे 2024 ला सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. सूत्रधारांपर्यंत तपास पोचला नाही, हे न्यायालयानेच नोंदवलं. शिक्षा उभी राहिली ती मुख्यतः डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या साक्षीवर. त्यातला एक महापालिकेचा सफाई कामगार. यंत्रं, प्रयोगशाळा, पाणबुडे एवढं सगळं झालं आणि खटला अखेर तोलला तो झाडू मारणाऱ्या माणसाने. तो घाबरला असता तर?

मोहसीन शेखच्या बाबतीत तर हाती काहीच उरलं नाही. 2 जून 2014 च्या रात्री हडपसरमध्ये, नमाजहून परतताना, सोलापूरच्या या तरुणाला जमावाने मारलं. जानेवारी 2023 मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. जमावाच्या गुन्ह्यात साक्षीदार कचरतात, फिरतात, हे पोलिसांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. म्हणूनच अशा ठिकाणी काठीवरचं रक्त, अंगावरचे कपडे, मोबाइलचं लोकेशन, चौकातला कॅमेरा यांची किंमत साक्षीदाराहून जास्त असते.

आता उलट बाजू. 13 फेब्रुवारी 2010 ला कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, 17 माणसं गेली. हिमायत बेगला 2013 मध्ये फाशी सुनावली गेली. मार्च 2016 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्फोटाच्या आणि कटाच्या आरोपांतून मुक्त केलं, पण स्फोटकं बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. आमच्यापैकी अनेकांनी यातलं अर्धंच वाक्य लक्षात ठेवलं, इतरांनी उरलेलं अर्धं. साक्षींवर उभा केलेला भाग ढासळला आणि जप्त केलेल्या वस्तूवर उभा होता तो टिकला, हे मात्र कुणी बोललं नाही. आणि ज्यांची माणसं त्या संध्याकाळी गेली, त्यांना बॉम्ब कोणी ठेवला याचं उत्तर या खटल्यातून मिळालं नाही.

पंच म्हणून कोण उभं राहतं, हेही पाहायला हवं. माझ्या ओळखीच्या एका चहावाल्याला शेजारच्या ठाण्यातून निरोप यायचा, "चाचा, जरा येऊन सही करा." तो करायचा. न करून सांगतो कुणाला, गाडी रस्त्यावर लावायची आहे. कागदावर काय आहे हे त्याने कधी वाचलं नाही, त्याला मराठी वाचता येत असूनही. पाच वर्षांनी असा माणूस पिंजऱ्यात उभा राहिला की बचावाचा वकील दोन प्रश्नांत त्याला संपवतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करायचं आहे. तज्ज्ञांच्या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत सवलत आहे. पुण्यात दर महिन्याला असे किती गुन्हे घडले आणि किती ठिकाणी तज्ज्ञ पोचले, हा आकडा आयुक्तालयाने जाहीर करावा. आमच्या जमातींनीही मोर्चाच्या निवेदनात ही एक ओळ घालावी. आणि तुम्हाला कुणी पंच म्हणून बोलावलं, तर कागद वाचा, पाकिटं मोजा, सील लागेपर्यंत तिथून हलू नका. चहाची गाडी तासभर उशिरा लागली तरी चालेल.